शून्याच्या काड्या

१

चॉपस्टिकच्या टोकाला पीनट बटर किती लावायचं, यावरून मोझेस काऊहानेचं आजवर दोन जोडीदारांशी वाजलं होतं. पातळ, नखभर, बस्स. ढीग लावला की मुंग्या त्यात रुतून मरतात, आणि मोझेसला मोजायला चालत्याफिरत्या हव्या असायच्या. बावीस वर्षं तो हेच करत होता. अंगणात काड्या ठेवायच्या, तासभर थांबायचं, काड्या पिशव्यांत भरायच्या आणि भिंगाखाली धरून आकडा लिहायचा. मग पंपानं झाडांच्या शेंड्यापर्यंत विषाचं तेलकट आमिष उडवायचं. दर सहा आठवड्यांनी एकदा, असं आठ वेळा. मधली एक फेरी चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

ती नारिंगी मुंगी दिसायला अगदीच किरकोळ. पेन्सिलीच्या टोकाएवढी, आणि चालायला आळशी. पण ती झाडावर राहते आणि वारा सुटला की शेकड्यांनी खाली पडते, कॉलरमध्ये, कानात, पापणीखाली. डसली की आठवडाभर आग होते. मुंग्या डसून डोळ्यांवर साय धरलेली कुत्री बेटाच्या हमाकुआ किनाऱ्यावर आता कोणाला नवीन राहिलेली नाहीत.

हारुए आंटींच्या घरी पहिल्या फेरीला तीसच्या तीस काड्या नारिंगी झाल्या होत्या. आंटी चौऱ्याऐंशी वर्षांच्या. उसाच्या मळ्याच्या जुन्या वस्तीत एकट्या राहायच्या. लिचीची चार झाडं, पावसाच्या पाण्याची मोठी टाकी आणि कुरो नावाचा आंधळा कुत्रा, एवढा त्यांचा संसार. त्या दिवशी मोझेसची जोडीदारीण बर्निस लिचीला शिडी लावून चढली, फांदी हलली, आणि मुंग्यांचं अख्खं पोतं तिच्या डोक्यावर रिकामं झालं. शर्ट फाडून काढता काढता ती आठ फुटांवरून खाली आली आणि खांद्याचं हाड मोडून बसली. हाड जुळल्यावर परत आली ती दात खाऊनच.

"अंकल, या घरातली एकसुद्धा जिवंत सोडायची नाही."

सोडली नाही. सातव्या फेरीला तीसही काड्या कोऱ्या आल्या.

मोझेसला त्या शून्याचं अप्रूप नुसतं कामापुरतं नव्हतं. त्याची मुलगी उलू अकरा महिन्यांच्या काहिआऊला घेऊन त्याच्याकडे राहत होती. तिचा नवरा लास वेगासच्या एका हॉटेलात कामाला होता आणि रोज फोनवर बोलवत होता. उलूनं बापाला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "बाबा, या घरात एक मुंगी दिसली ना, की मी पोराला घेऊन विमानात बसले म्हणून समजा." बायको गेल्यापासून मोझेसच्या घरात आवाज म्हणून होता तो त्या पोराचाच. तो घरात राहावा म्हणून मोझेस बेटावरची शेवटची मुंगी मारायला तयार होता.

२

पिशव्या बांधताना बर्निसनं एक काडी उजेडात धरली.

"अंकल, हे बघा. खाल्लंय."

"काय खाल्लंय?"

"पीनट बटर. कडेकडेनं कुरतडलंय. आणि मुंगी एक नाही."

"पाल असेल."

"पाल चाटते. कुरतडत नाही."

"मग उंदीर."

"उंदरानं काडी जागेवर ठेवली असती होय? घेऊन पळाला असता."

मोझेसनं भिंग लावलं. असं कुरतडणं तो स्वतःच्या अक्षरासारखं ओळखत होता. शंभरेक बारीक तोंडं एका ओळीत लागली की कड अशी दिसते. त्यानं तीसही काड्या पाहिल्या. तीसही तशाच. शेवटची काडी भिंगाखाली असताना त्या थरात एक टाचणीएवढा खळगा पडला. मग शेजारी दुसरा. आपलाच हात हलला असेल, वय झालं, असं म्हणून त्यानं पिशवी घट्ट बंद केली. कागदावर कुरतडलेल्यासाठी रकाना नव्हता. त्यानं शून्य लिहिलं.

आंटी चहा घेऊन आल्या. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत लाल, ताजे फोड होते.

"आंटी, हे कधीचं?"

"आज सकाळचं."

"मुंग्या संपल्या, आंटी. कातडीला सवय लागलीय, दुसरं काही नाही. भास होतो."

"भासानं फोड येतात का रे पोरा?" आंटी पायरीवर टेकल्या. "होत्या तेव्हा बरं होतं. कुठं आहेत ते दिसायचं तरी. पुढच्या खेपेला थोड्या ठेव."

बर्निस हसली. "बरणीत घालून ठेवू का आंटी, मुरत?"

आंटी हसल्या नाहीत. तेवढ्यात कुरो कळवळून उठला आणि पायरीच्या दगडी कडेवर तोंड घासू लागला. आधी कुत्री घासतात तसं. मग जोर वाढला. मोझेसनं त्याला कवेत आवळून धरलं, तर त्यानं मोझेसच्या मनगटाचा लचका तोडला आणि सुटून परत त्याच कडेशी गेला. डोळा फुटेपर्यंत घासत राहिला. दगडावरून रक्त खाली ओघळलं तरी थांबेना. शेवटी बर्निसनं त्याच्यावर ताडपत्री टाकली आणि ती त्याच्यावर बसून राहिली. मोझेसनं त्याची ओली लव भिंगाखाली केस न् केस पाहिली. काहीही नव्हतं.

एवढं सगळं होऊनही आंटी आतून एक हार घेऊन आल्या. लांब हिरव्या पानांना पीळ घालून वळलेला, छोट्या गळ्याच्या मापाचा.

"शनिवारी नातवाचा पहिला वाढदिवस ना? रिकाम्या हातानं जाऊ नकोस."

बेटावर हार नाकारत नाहीत. म्हाताऱ्या बाईनं स्वतः वळलेला तर नाहीच नाही.

३

तरीही तो मुंग्यांचा माणूस. हार घरात न नेता त्यानं गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत घातला, सोबत तीन काड्या ठेवल्या आणि तासभर समोर बसला. शून्य. काड्यांच्या कडा त्यानं पाहिल्या नाहीत. पाहायच्या नव्हत्या, असंही म्हणता येईल.

शनिवारी अंगणात मांडव उभा राहिला. भट्टीच्या खड्ड्यातून भाजलेलं डुक्कर निघालं, दीडशे माणसं जेवली. बर्निस कुटुंबकबिल्यासकट आली आणि मोझेसच्या फुलाफुलांच्या शर्टाची मनसोक्त टिंगल करून गेली. मोझेसनं काहिआऊला उचललं आणि सगळ्यांसमोर हार त्याच्या गळ्यात घातला. पोर खुदकन हसलं. लोक गाऊ लागले.

गाण्याचं दुसरं कडवं संपायच्या आत पोरानं टाहो फोडला. पोरांचं रडणं त्या घराला माहीत होतं. हे तसं नव्हतं. त्याला श्वास घ्यायला सुचत नव्हतं. उलूनं हार ओरबाडून काढला. मान सगळीकडून सुजली होती. फोडांची रांग पुढून मागून जुळलेली, कुठं एक बोट जागा सुटली नव्हती. मोझेसनं तिथंच, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, हाराचं पान न् पान उलगडून पाहिलं. दीडशे माणसं त्याच्याकडे बघत होती आणि त्याला दाखवायला एक मुंगी सापडली नाही.

दवाखान्यात सांगितलं, पानांच्या चिकाची ॲलर्जी.

"कचऱ्यात टाका तो हार!" उलू ओरडली.

"हार कचऱ्यात टाकत नाहीत, बाळा."

हे त्यानं विचार करून म्हटलं नाही. हार झाडाचा असतो, झाडाला परत द्यायचा असतो. त्याच्या आईनं तसंच केलं होतं, तिच्या आईनं तसंच. त्यानं तो अंगणातल्या नीरफणसाच्या फांदीला टांगला. ती फांदी पोराच्या खिडकीला टेकलेली होती, हे त्याच्या मनातही आलं नाही.

४

त्यानंतर रोज दुपारी, पोर झोपलं की पंधरा मिनिटांत किंकाळी. कधी पाठीवर फोड, कधी मांडीच्या घडीत. आठव्या दिवशी डावी पापणी सुजून मिटली. उघडली तेव्हा बुबुळाच्या कडेला बारीक पांढुरकं काहीतरी होतं, दुधाचा थेंब पाण्यात पडावा तसं.

मोझेसनं घरात पन्नास काड्या ठेवल्या. पन्नासही कोऱ्या, आणि पन्नासही कडेनं कुरतडलेल्या. आता तो कडा पाहत होता. नीरफणसावरचा हार उतरवून त्यानं खडकावर जाळला. काही फरक पडला नाही.

"बाबा, खरं सांगा. आहेत का?"

"एकही नाही. शपथ घेतो."

"मग याच्या डोळ्यात काय आहे?"

मोझेस भिंग आणायला उठला.

नवव्या दिवशी उलू दुकानात गेली होती. भर दुपार, पडदे उघडे, उन्हाचा पट्टा थेट पाळण्यात. मोझेसनं पोराभोवतीच्या चादरीवर पावडरचा पातळ थर भुरभुरला आणि खुर्ची ओढून बसला. मूर्खपणा आहे, हे त्याचं त्याला कळत होतं. डोळे ताणून बसलं की माणसाला भिंतीही हलताना दिसतात, असं तोच नव्या माणसांना शिकवायचा.

चादरीच्या कडेला एक ठिपका पडला. मग दुसरा. मग एक रांग. पाळण्याच्या चारही पायांकडून रांगा वर आल्या आणि पावडरमध्ये सुईनं टोचल्यासारख्या पोराच्या दिशेनं सरकू लागल्या. मोझेसनं हात आडवा ठेवला. रांग हातावर चढली. शेकडो पाय त्याला कोपरापर्यंत जाणवले आणि दिसलं काहीच नाही. त्याला डसलं नाही. त्यानं बोट हलवलं, तर सगळे ठिपके थांबले. चारही रांगा, एकाच क्षणी.

मुंग्या अशा थांबत नाहीत. त्यांच्यातली एखादी तरी चालत राहते. हे असं थांबणं एका जिवाचं असतं, आणि तो जीव आपल्याकडे बघतोय, हे मोझेसला मानेच्या मागं कळलं.

मग छताकडून आलं. चादरीवर, पोराच्या पोटावर, गालांवर, पावसाच्या पहिल्या सरीसारखे खळगे टपटप उमटले. पोर किंचाळलं. मोझेसनं त्याला उचललं, न्हाणीघरात नेऊन नळाखाली धरलं आणि हात सोलवटेपर्यंत त्या न दिसणाऱ्या गोष्टीला पुसत राहिला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्निसचा फोन आला. तिचा आवाज बसला होता.

"अंकल, आंटींकडे या."

आंटींचं प्रेत पाण्याच्या टाकीत होतं. आठ फूट उंचीची टाकी. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई शिडी लावून वर चढली होती, झाकण सारून आत उतरली होती आणि बहुधा नाकापर्यंत पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करत होती. टाकीच्या आतल्या पत्र्यावर नखांचे ओरखडे होते, सगळे झाकण आतून ओढून घट्ट लावताना उमटलेले. बाहेर पडण्याच्या धडपडीचा एकही नव्हता. चेहऱ्यावर, पाण्याच्या वर राहिलेल्या तेवढ्या भागावर, फोडांना जागा उरली नव्हती. कुरो पायरीशी मरून पडला होता.

"एक मुंगी नाही, अंकल. मी सगळीकडे बघितलं." बर्निसनं नाक पुसलं. "मला वाटतं डोकं फिरलं होतं त्यांचं. परवा आले ना, तर पलंगाला पेरूची फांदी बांधलेली. नुसत्या नारिंगी मुंग्यांनी भरलेली! खालच्या रस्त्यावरून स्वतः तोडून आणली म्हणे. स्वतःच्या पलंगाला!"

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? मारल्या. विनवत होत्या बिचाऱ्या, नको मारू, दोन रात्री झोप लागलीय म्हणून. हाताला धरून बाजूला बसवलं त्यांना." तिनं वर पाहिलं. "तुम्ही असं काय बघताय माझ्याकडे?"

त्या जिवंत मुंग्यांनीच आंटींना दोन रात्री राखलं होतं, हे मोझेसनं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता, आणि बसला असता तर तिला जगणं जड झालं असतं.

६

बावीस वर्षं मुंग्या मारलेल्या माणसानं त्या दुपारी खालच्या रस्त्यावरून पेरूची भरलेली फांदी तोडली आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळून घरी आणली. घरी पोचेपर्यंत त्याची मान, छाती, दोन्ही हात पेटले होते. त्यानं फांदी पाळण्यामागं, खिडकीच्या आतल्या बाजूला बांधली, पडदा ओढला आणि खुर्चीत बसला. काहिआऊ एका डोळ्यानं त्याच्याकडे बघत होता.

मुंग्या फांदीवरून उतरल्या, खिडकीच्या चौकटीवर पांगल्या. आळशी, नारिंगी, नेहमीच्या. मग सगळ्या एकदम थांबल्या. मोझेसनं सातपर्यंत मोजलं. आठव्याला त्या पुन्हा चालू लागल्या, पाळण्याला वळसा घालून, परत फांदीकडे.

पोर झोपलं. साडेतीन तास झोपलं. मोझेस खुर्चीत बसून हमसून हमसून रडला.

तीन दिवस असे गेले. फोड सुकले, पापणी उघडली. उलू गुणगुणत स्वयंपाक करू लागली. मोझेस त्या खोलीत तिला एकटीला जाऊ देत नव्हता. चौथ्या दिवशी तो न्हाणीघरात असताना तिनं पडदा सारला.

तो बाहेर आला तेव्हा पोर तिच्या कडेवर होतं, आणि शेजारच्याच घरी फवारणीला आलेली बर्निस पंप पाठीवर घेऊन दारात उभी होती. मोझेसच मुंग्या मारत नसेल तर कोण मारणार, म्हणून उलूनं तिलाच बोलावलं होतं.

"तुम्ही आणल्या?" उलूनं विचारलं. "तुमच्या हातांनी? त्याच्या उशाशी?"

"उलू, ऐक. तो झोपतोय. तीन दिवस झोपतोय. त्या दिसतायत तोवर ठीक आहे. त्यांना मारलंत तर..."

"अंकल, बाजूला व्हा," बर्निस हळू म्हणाली. आंटींशी बोलली असेल तशीच.

तिनं नळी फांदीवर रोखली. मोझेसनं ती तिच्या हातातून हिसकली आणि पितळी टोकानं तिच्या खांद्यावर मारलं, जुळलेल्या हाडावर. ती ओरडून वाकली तेव्हा दुसऱ्यांदा मारलं, तोंडावर. दातांसकट रक्त बाहेर आलं. बावीस वर्षांत त्यानं माणसावर हात उचलला नव्हता. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा उलूनं स्वयंपाकघरातलं लोखंडी तवा त्याच्या कानशिलात घातला.

शुद्ध आली तेव्हा गाडी सुरू झाल्याचा आवाज येत होता. तो धडपडत अंगणात गेला आणि गाडीपुढं उभा राहिला. काचेआड उलू होती, मागच्या सीटवर पोर. "पोलिसांना सांगा काय सांगायचं ते!" ती किंचाळली, आणि तिनं ब्रेक लावला नाही. आरशाचा फटका बसून त्याचं कोपर निखळलं. तो मातीत पडला आणि गाडी हिलोच्या विमानतळाकडे वळली.

७

त्या संध्याकाळी पोलिसांनी मोझेसला नेलं आणि दोन दिवसांनी सोडलं. बर्निसनं तक्रार मागं घेतली होती. जबडा तारेनं बांधलेला असताना तिनं ते कागदावर लिहून दिलं. मोझेसला ते मारापेक्षा जास्त लागलं.

तो घरी आला, खुर्चीत बसला. दुपारी फोन वाजला.

"बाबा." उलू होती. "मी रागावलेली नाही असं नाही. पण तुम्हाला काळजी असेल म्हणून फोन केला. तिकिटासाठी हिलोत दोन दिवस अडकलो, आज सकाळी पोचलो."

"कसा आहे?"

"डोळा बरा आहे. यांनी हॉटेलातच खोली घेऊन दिलीय. सव्विसाव्या मजल्यावर. खिडक्या उघडत नाहीत. खाली बघावं तिकडे वाळवंट, झाड नाही, पान नाही, साधी कुंडी नाही." तिचा आवाज निवळला, लहानपणी चूक कबूल करताना व्हायचा तसा झाला. "बाबा, इथं एकही मुंगी नाही."

मोझेस खुर्चीतून उठला.

"उलू, माझं ऐक. खाली जा. कुठूनही आण. रस्त्यावरून, स्वयंपाकघरातून, कसलीही, काळी, तांबडी, पण जिवंत आण. आत्ता जा."

"बाबा, तुम्ही डॉक्टरांना भेटा. मी हात जोडते."

"नंतर भेटतो. तू आधी..."

"थांबा, जागा झाला वाटतं. काय रे सोन्या, काय झालं?"

तिनं फोन गादीवर ठेवला. आधी पोराची किंकाळी आली, श्वास न घेता केलेली, मोझेसला पाठ असलेली. मग काहीतरी पडून फुटलं. मग उलू ओरडू लागली, आधी पोराचं नाव घेऊन, नंतर नुसतीच.

तो फोनमध्ये तिला हाका मारत राहिला. तिकडे ऐकणारं कोणी नव्हतं. पण त्यानं फोन ठेवला नाही. ठेवला असता, तर त्या खोलीत त्या दोघांसोबत आपलं माणूस म्हणून कोणीच उरलं नसतं.